सायक्लिक एएमपी मुळात कशासाठी होतं? डिक्टिओस्टेलिड स्लाइम मोल्डमधल्या बहुपेशीपणाची उत्क्रांती

पेट्रीवाला (धागाकर्ता)

डिक्टिओस्टेलिड म्हणजे मातीतले, जीवाणू खाणारे सुटे अमीबा. उपाशी पडले की ते एकत्र येतात आणि देठावर बीजाणूंचं डोकं असलेली फ्रूटिंग बॉडी उभी करतात. सायक्लिक एएमपी हा पेशींमधला संकेत पोचवणारा एक छोटा रेणू. 'अमीबा उपाशी पडले की सायक्लिक एएमपी सोडतात आणि त्या मागावर एकत्र येतात' हे वाक्य एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात जसंच्या तसं उतरत आलंय. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियमपुरतं ते बरोबर आहे. केनेथ रेपरने १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या जंगलातल्या पालापाचोळ्यातून ही प्रजाती काढली, १९३५ मध्ये तिचं वर्णन छापलं आणि तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा हिच्यावरच उभी आहे. पण बाकीच्या प्रजातींचं काय? पॉलिस्फोन्डिलियम व्हायोलेशियमचे अमीबा ग्लोरिन नावाच्या डायपेप्टाइडच्या एका रूपाकडे धावतात. डिक्टिओस्टेलियम मिन्युटमला फॉलिक आम्ल चालतं, लॅक्टियमला टेरिनचं एक रूप. या तिघांच्या मोकळ्या अमीबांपुढे सायक्लिक एएमपी ठेवलं तर ते ढुंकूनही बघत नाहीत. तरीही देठ आणि बीजाणू तिघेही करतात.

म्हणजे बोलावणं वेगवेगळं, पण घर बांधायची रीत एकच. हे कसं घडलं, आणि एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात ते दाखवता येईल का, असे दोन प्रश्न आहेत. हाताशी डिस्कॉइडियम आणि पॉलिस्फोन्डिलियम पॅलिडम अशा दोन प्रजाती, साधा मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज आणि शेकर आहे. जनुकं काढून टाकण्याची सोय नाही.

(फायसॅरमबद्दल कृपया इथे नको. ओट्सवर वाढणारा तो पिवळा पसारा म्हणजे अनेक केंद्रकांची एकच प्रचंड पेशी. सुट्या पेशी एकत्र येण्याशी त्याचा संबंध नाही.)

प्रतिसाद १ · सह्यमाती

आधी वंशवृक्ष समोर ठेवू, नाहीतर चर्चा हवेत जाईल. २००६ मध्ये पॉलिन शाप आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या आधारे डिक्टिओस्टेलिडांचे चार गट पाडले. डिस्कॉइडियम, म्युकोरॉइड्स, पर्प्युरियम ही मंडळी चौथ्या गटात. पॅलिडम आणि ॲसायटोस्टेलियम दुसऱ्यात, मिन्युटम आणि लॅक्टियम तिसऱ्यात, फॅसिक्युलेटम पहिल्यात. पुढे जीनोम हाती आल्यावर मुळाशी दोन मोठ्या फांद्या दिसल्या: एकीवर पहिला आणि दुसरा गट, दुसरीवर तिसरा आणि चौथा. व्हायोलेशियम चौथ्या गटाला अगदी लागून बसतं, पण बोलावणं मात्र ग्लोरिनचं. २०१८ मध्ये वर्गीकरण बदललं, त्यामुळे पॅलिडम आता हेटेरोस्टेलियम पॅलिडम झालंय. स्ट्रेन मागवताना दोन्ही नावांनी शोधा.

या झाडाने एक जुनी समजूत मोडली. ॲसायटोस्टेलियमच्या देठात पेशीच नसतात, नुसती सेल्युलोजची नळी असते आणि सगळे अमीबा बीजाणू होतात. रचना सर्वांत साधी, म्हणून तोच पूर्वज असणार असं मानलं जाई. प्रत्यक्षात तो दुसऱ्या गटाच्या पोटात निघाला, म्हणजे पेशींचा देठ त्याच्या वंशात नंतर सुटला असण्याचीच शक्यता जास्त. साधं दिसतं ते जुनंच असतं असं नाही.

चौथ्या गटाची ओळख अशी: फ्रूटिंग बॉडी मोठी आणि बहुधा एकटी, बीजाणूंच्या टोकांना कण नाहीत, आणि एकट्या अमीबाने कवच करून सिस्ट (वाईट काळ झोपून काढणारी पेशी) होण्याची क्षमता गेलेली. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तुमचं प्रात्यक्षिक त्याच्यावरच उभं राहील.

प्रतिसाद २ · रिसेप्टर

पेट्रीवाले, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'उलट्या क्रमाने वाचा' असं आहे. पुस्तकात सायक्लिक एएमपीचं पहिलं काम एकत्र बोलावणं आणि शेवटचं काम बीजाणू पक्के करणं असं येतं, कारण २४ तासांच्या जीवनचक्रात ते त्या क्रमाने येतं. उत्क्रांतीत ते नेमकं उलटं घडलं.

सर्वांत जुना थर पेशीच्या आतला. एकटा अमीबा कोरडा पडला, उपाशी राहिला किंवा भोवती क्षार वाढले की आतलं सायक्लिक एएमपी वाढतं, प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम जागं होतं आणि पेशी सेल्युलोजचं कवच घालून सिस्ट होते. या वाटेवरचा लगाम म्हणजे रेगए हे सायक्लिक एएमपी तोडणारं एन्झाइम. पॅलिडममधून रेगए काढलं तर उपासमार नसतानाही अमीबा सिस्ट व्हायला लागतात. अकँथअमीबा एकत्र वगैरे काही येत नाही, डोळ्यांत शिरला तर डॉक्टरांची झोप उडवतो, पण तिथेही रेगए दाबणाऱ्या औषधांनी सिस्ट होणं वाढतं. म्हणजे ही व्यवस्था बहुपेशीपणाच्या आधीची.

दुसरा थर ढिगाच्या आतला. पेशी एकत्र आल्यावर सायक्लिक एएमपी बाहेर सोडलं जातं आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे सीएआर रिसेप्टर ते ओळखतात. 'तू एकटा नाहीस, ढिगात आहेस. सिस्ट नको, बीजाणू हो' असा त्याचा अर्थ. याचा पुरावा फार सुंदर आहे. २००९ मध्ये पॅलिडममधले हे रिसेप्टर काढून टाकले गेले. अमीबा नेहमीसारखेच एकत्र आले, कारण बोलावणं ग्लोरिनचं. पण फ्रूटिंग बॉडी खुज्या आणि वेड्यावाकड्या झाल्या, आणि डोक्यात जिथे लांबट बीजाणू हवेत तिथे गोल सिस्ट निघाल्या! बाहेरचा संकेत ऐकू येईना म्हणून पेशी जुन्या सवयीवर गेल्या.

तिसरा थर, म्हणजे मोकळ्या मैदानातून हाका मारून बोलावणं, एकट्या चौथ्या गटाचा. जुन्या गटांत सीएआर जनुक ढीग झाल्यावरच चालू होतं. चौथ्या गटात त्याला आणखी एक प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) जोडला गेला आणि ते उपासमारीच्या पहिल्या तासांतच चालू होऊ लागलं. त्याबरोबर बाहेरचं सायक्लिक एएमपी तोडणारं पीडीएसए एन्झाइमही सुधारलं, सायक्लिक एएमपीला धरून ठेवण्याची त्याची ताकद कित्येक पटींनी वाढली. हे झालं नसतं तर लाटा उठल्याच नसत्या. संकेत दर सहा मिनिटांनी येतो आणि दोन लाटांच्या मधे मैदान साफ व्हावं लागतं, नाहीतर पेशींना दिशाच कळत नाही.

प्रतिसाद ३ · पेट्रीवाला

म्हणजे जॉन टायलर बॉनरने १९४७ मध्ये वाहत्या पाण्यात दाखवलेलं आकर्षण (ढिगाच्या खालच्या अंगाचे अमीबाच तेवढे त्याच्याकडे वळतात, वरचे नाहीत) आणि १९६७ मध्ये त्यामागचा रेणू म्हणून सापडलेलं सायक्लिक एएमपी, हे इमारतीचं सर्वांत नवं बांधकाम. आपण पाया समजून बसलो होतो तो माळा निघाला.

मग नवीन जनुकं फारशी लागलीच नसतील?

प्रतिसाद ४ · रिसेप्टर

फारशी नाहीत. २०१६ मध्ये एकपेशीय आणि बहुपेशीय मिळून आठ अमीबोझोआंच्या (अमीबा आणि त्यांच्या नातेवाइकांच्या) जीनोमची तुलना छापून आली. डिक्टिओस्टेलिडांच्या विकासाला अत्यावश्यक असलेल्या प्रथिनांपैकी ८० टक्के त्यांच्या एकपेशीय नातेवाइकांकडे आधीपासूनच आहेत. ती मुख्यतः पेशीच्या आतली यंत्रणा, कायनेज वगैरे. उरलेली २० टक्के बहुतेक पृष्ठभागावरची किंवा बाहेर सोडायची, म्हणजे एकमेकांना ओळखण्याची आणि संकेत घेण्याची. संकेत तयार करणारी काही जनुकं तर जीवाणूंकडून उचललेली दिसतात. डिस्कॉइडियममध्ये देठाच्या पेशी घडवणारा सायक्लिक डाय-जीएमपी हा मुळात जीवाणूंच्या घरातला रेणू. जे खायचं त्याच्याकडूनच हत्यार घ्यायचं.

प्रतिसाद ५ · बंडखोर_बीजाणू

सगळं मान्य, पण तुम्ही 'कसं'चं उत्तर देताय आणि 'का' गालिच्याखाली सारताय. डिस्कॉइडियमच्या साधारण २० टक्के पेशी देठात मरतात. सिस्ट करून एकट्याने जगायची सोय असताना मरणाच्या रांगेत कोण उभं राहील? संकेतांच्या वायरिंगपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

प्रतिसाद ६ · रिसेप्टर

मोठा असेल, पण वेगळा आहे. एक तर पॅलिडममध्ये एकट्याने सिस्ट होणं आणि एकत्र येऊन बीजाणू होणं या दोन्ही वाटा उघड्याच आहेत. हवेत अमोनिया साठला, क्षार वाढले, आजूबाजूला पेशी विरळ असल्या की तो सिस्टकडे झुकतो. दुसरं, बीजाणू सिस्टपेक्षा टणक. थंडी आणि गोठणं सोसण्यात बीजाणू वरचढ ठरतात, आणि २०२० मध्ये शापांच्याच गटाने थंड हवामानाशी जुळवून घेणं हे बीजाणूंच्या उत्क्रांतीमागचं संभाव्य कारण म्हणून मांडलं. देठाचा फायदा म्हणजे बीजाणू मातीपासून एक-दोन मिलिमीटर वर जातात, जाणाऱ्या-येणाऱ्या किड्याला चिकटतात. हिशोब पटत नसेल तर ॲसायटोस्टेलियम बघा: तिथे कोणीच मरत नाही, तरी ते एकत्र येतातच.

प्रतिसाद ७ · बंडखोर_बीजाणू

ॲसायटोस्टेलियम माझ्या बाजूचा साक्षीदार आहे हो! कोणी मरत नाही म्हणून फसवणुकीचा प्रश्नही उठत नाही. जिथे मरतात तिथे फसवे (देठात न मरता बीजाणूंत जास्तीचा हिस्सा लाटणारे) सापडतात. लिओ बस यांनी १९८२ मध्ये म्युकोरॉइड्सच्या नैसर्गिक नमुन्यात देठ न करणारा परजीवी प्रकार दाखवला. २००० मध्ये डिस्कॉइडियममध्ये सीएचटीए हे जनुक बिघडलेला फसवा मिळाला: एकटा असेल तर धड फ्रूटिंग बॉडी होत नाही, मिसळला की बीजाणूंमध्ये हिश्श्यापेक्षा जास्त. यावर उपाय म्हणून टीजीआरबी१ आणि टीजीआरसी१ ही पृष्ठभागावरची जोडी आहे, तिच्यावरून अमीबा आपले-परके ओळखतात आणि एकत्र आल्यावरही वेगळे होतात. तुमच्याच त्या '२० टक्के नव्या' प्रथिनांत ओळखीची प्रथिनं एवढी का, याचं उत्तर इथे आहे. 'का' आणि 'कसं' एवढे सुटे नाहीत.

प्रतिसाद ८ · सह्यमाती

+१ बंडखोर. रानात किती मिसळतात यावर मात्र एकमत नाही. अमेरिकेतल्या डिस्कॉइडियमच्या रानातल्या फ्रूटिंग बॉडींमध्ये नातं फार जवळचं निघालं, ०.८६ च्या वर (१ म्हणजे सगळ्या पेशी एकाच वंशाच्या). बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विद्यानंद नंजुंडय्यांच्या गटाने मुदुमलाईच्या जंगलातले नमुने घेतले, २०१० मध्ये छापले, आणि त्यांत एकाच समूहात अनेक क्लोन (वेगवेगळ्या मूळ पेशींचे वंश) सापडले. प्रजाती आणि नमुना घेण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच तागडीत टाकू नका.

प्रतिसाद ९ · बीओडीवाली

आता थोडं हात ओले करू. पेट्रीवाले, तुमच्याकडे जे आहे त्यात सर्वांत स्वस्त आणि स्वच्छ प्रात्यक्षिक म्हणजे सॉर्बिटॉलची सिस्ट-चाचणी. चौथ्या गटाने एकट्याने सिस्ट होणं गमावलंय, दुसऱ्याने राखलंय. ते आकड्यांत दिसतं.

वाढवायचं माध्यम एसएम/५ अगार: लिटरला ग्लुकोज २ ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.२ ग्रॅम, सात रेणू पाण्याचं मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.९ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम. पूर्ण ताकदीचं एसएम घेऊ नका, जीवाणूंचा थर जाड होतो आणि धुताना रडवतो. खाद्य म्हणून ई. कोलाय बी/आर. पुष्कळ ठिकाणी क्लेब्सिएला लिहिलेलं असतं, पण विद्यार्थ्यांच्या हातात ती कशाला द्यायची?

दोन्ही प्रजाती एकाच खाद्यावर, एकाच तापमानाला, २२ अंश. इथे बीओडी इनक्युबेटरला (थंडही ठेवता येणाऱ्या पेटीला) पर्याय नाही. २७ च्या वर डिस्कॉइडियम रुसतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टेबलावर ठेवलेली प्लेट म्हणजे वाया गेलेली प्लेट.

धुण्याचा बफर केके२: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.२ ग्रॅम आणि डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.७ ग्रॅम लिटरला, पीएच ६.१ च्या आसपास. गार करून वापरा.

प्लेटवरचा थर अजून गढूळ आहे, पण अमीबांनी पातळ करायला घेतलाय, त्या वेळी पेशी काढा. केके२ मध्ये घोळून २०० ते ३०० जी वर तीन-चार मिनिटं फिरवा, वरचं गढूळ पाणी ओता, पुन्हा तेच. चार-पाच धुण्यांनंतर पाणी नितळ दिसलं पाहिजे. जोरात फिरवलंत तर जीवाणूही खाली बसतात आणि अमीबा उपाशी राहतच नाहीत, नळीतच जेवत बसतात.

मग केके२ मध्ये ०.४ मोलर सॉर्बिटॉल (१०० मिलीला ७.३ ग्रॅम). त्यात मिलीला १ कोटी पेशी, फ्लास्कच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका, १५० आरपीएमवर हलवत ठेवा. सॉर्बिटॉल नसलेला एक फ्लास्क शेजारी हवाच. ०, २४, ४८ आणि ७२ तासांना नमुना. न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या खुणांच्या काचेवर) मोजा, मग ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये दहा मिनिटं ठेवा, पुन्हा मोजा. नागडे अमीबा विरघळतात, कवचातले टिकतात.

प्रतिसाद १० · पेट्रीवाला

बीओडीताई, नेमकं हेच हवं होतं. पण डिस्कॉइडियमच्या फ्लास्कमध्ये ट्रायटननंतरही काही टिकलेलं दिसलं तर? विद्यार्थी लगेच 'यालाही सिस्ट होतात' लिहून मोकळे होतील.

प्रतिसाद ११ · बीओडीवाली

टिकलेलं दिसलं तर दहापैकी नऊ वेळा ते प्लेटवरून आलेले बीजाणू. काढायला उशीर झाला, कडेला चार फ्रूटिंग बॉडी उभ्या राहिल्या होत्या आणि त्या खरवडल्या गेल्या. म्हणून तर शून्य तासाचा नमुना. तिथेच ट्रायटननंतर पेशी दिसल्या तर ती बॅच फेका, ७२ तास थांबू नका. आकारावरूनही कळतं: डिस्कॉइडियमचे बीजाणू लांबट, कॅप्सूलसारखे, सात-आठ मायक्रोमीटर लांब, पॅलिडमच्या सिस्ट गोल. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली शंका राहत नाही. फ्लुओरोसेन्स असेल तर कॅल्कोफ्लुअर हा रंग लावा, सेल्युलोजच्या कडा निळ्या चमकतात, पण त्यावाचून अडत नाही.

शेवटी ट्रायटन दोनदा धुवून काढा आणि प्लेटला शंभरेक पेशी पडतील एवढं पातळ करून ई. कोलायबरोबर एसएम/५ वर पसरा. चार-पाच दिवसांत पॅलिडमच्या प्लेटवर स्वच्छ गोल डाग (अमीबांनी जीवाणू खाऊन मोकळी केलेली जागा) दिसतील, डिस्कॉइडियमची प्लेट कोरी. शंभर टाकल्या म्हणून शंभर डाग येत नाहीत, सगळ्या सिस्ट उघडत नाहीत. हे आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद १२ · गढूळपाणी

सॉर्बिटॉलऐवजी मीठ टाकलं तर चालेल का? साखरेत जीवाणू वाढतात.

प्रतिसाद १३ · बीओडीवाली

मिठाने पाण्याचा ताण पडतो तसे आयनही बदलतात, मग परिणाम कशाचा ते सांगता येत नाही. सॉर्बिटॉलच ठेवा. जीवाणू वाढताहेत म्हणजे धुणं कमी पडलं.

प्रतिसाद १४ · रिसेप्टर

ही चाचणी पहिला थर दाखवते. तिसरा थर दाखवायचा तर दोन्ही प्रजाती एकत्र येताना बघा. एरवी सायक्लिक एएमपीसारखाच पण न तुटणारा एसपी-सीएएमपीएस अगारमध्ये मिसळतात: चौथ्या गटात एकत्र येणंच बिघडतं, जुन्या गटांत एकत्र येणं नीट होतं आणि ढिगापुढची घडण बिघडते. प्रयोग २००५ चा आहे आणि सगळा युक्तिवाद एका प्लेटवर आणतो. पण तो रेणू महाग. साधं सायक्लिक एएमपी मिसळून भागवू नका, अमीबांचं पीडीएसए ते तोडून टाकतं आणि निकाल धड इकडचा ना तिकडचा.

पैसे नसतील तर लाटा बघा, त्या फुकट आहेत. बिनखाद्याच्या १.५ टक्के केके२ अगारवर धुतलेले डिस्कॉइडियम अमीबा चौरस सेंटिमीटरला साधारण ५ लाख. सहा सेंटिमीटरच्या प्लेटला दीड कोटीच्या आत काम होतं. अर्धा तास पेशी बसू द्या, वरचं पाणी अलगद काढून घ्या, प्लेट २२ अंशांवर. चार-पाच तासांनी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर कडेने तिरका प्रकाश सोडा आणि मोबाइलने दर २० सेकंदांनी एक फोटो. फोटो जोडून पळवले की उजळ आणि काळी वर्तुळं एकमेकांमागून बाहेर सरकताना दिसतात. उजळ पट्ट्यात पेशी लांबट होऊन केंद्राकडे चाललेल्या, काळ्यात गोल होऊन थांबलेल्या. वर्तुळ बाहेर जातं, पेशी आत येतात. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. आठव्या तासाला ओहोळ (ढिगाकडे वाहणाऱ्या पेशींच्या रांगा) दिसतात, १६ ला स्लग (सरपटत चालणारा पेशींचा लांबट गोळा), २४ ला फ्रूटिंग बॉडी.

प्रतिसाद १५ · गढूळपाणी

लाटा दिसतात पण ओहोळ तुटतात आणि शेकडो चिमुकले ढीग होतात. पेशींची संख्या तर बरोबर होती.

प्रतिसाद १६ · बीओडीवाली

प्लेट ओली असणार. अगारवर पाण्याचा पापुद्रा राहिला की पेशी पृष्ठभाग धरत नाहीत, ओहोळ वाहून तुटतात. ओतल्यावर प्लेट झाकण किलकिलं करून लॅमिनार फ्लोमध्ये वाळवा. किती ते दमटपणावर. पावसाळ्यात दुप्पट वेळ लागतो. उलट जास्त वाळवली तर ढीग कडेला सुरकुततात. आणि स्लग अवस्थेत दिवसभर अडकले तर पॅराफिल्म काढा. बंद प्लेटमध्ये अमोनिया साठतो, डिस्कॉइडियमचा स्लग चालतच राहतो, उभा राहत नाही. एका बाजूने प्रकाश असेल तर तो प्रकाशाकडे चालत जाऊन काठावर चढतो. पॅलिडमला त्याच बंद प्लेटमध्ये सिस्ट जास्त होतात.

या निमित्ताने दोघांची घडण शेजारीशेजारी दाखवा. डिस्कॉइडियममध्ये देठाच्या पेशी ढिगातच वेगळ्या काढल्या जातात आणि टोकाशी गोळा होतात, स्लग देठावाचून चालतो. पॅलिडममध्ये आधी जवळजवळ सगळ्याच पेशी बीजाणूच्या वाटेला लागतात आणि टोकाशी पोचतील तशा देठ होत जातात. वर चढताना मागून पेशींचे गोळे सुटतात, त्यांच्या आडव्या फांद्या होतात, देठाभोवती चक्रासारख्या. २० पटीतही दिसतात.

प्रतिसाद १७ · रानमाती

आपल्या मातीतून काढायचं असेल तर तेही जमण्यासारखं आहे, आणि विद्यार्थ्यांना तेच जास्त आवडतं. सह्याद्रीतल्या झाडीखालचा पालापाचोळा बाजूला सारून वरची दोन ते पाच सेंटिमीटर माती. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक पाण्यात हलवा. त्यातलं ५ मिली ७.५ मिली पाण्यात. या पातळ द्रावणाचं अर्धा मिली आणि दाट ई. कोलाय ०.४ मिली एका प्लेटवर. अगार वाळक्या गवताच्या काढ्याचा, लिटरला साधारण १० ग्रॅम गवत उकळून गाळून, १५ ग्रॅम अगार, पीएच ६ च्या आसपास. खाद्य इतकं कमी असण्यामागे कारण आहे: समृद्ध अगारवर बुरशी धाड घालते. २० ते २५ अंशांवर तिसऱ्या दिवसापासून रोज बघा, दिसेल त्या डागाभोवती प्लेटच्या पाठीवर मार्करने खूण करा, नाहीतर दोन दिवसांनी कुठला आधीचा ते कळत नाही.

म्युकर ही बुरशी ओळखायला शिका. तोही बारीक देठावर गोळा घेऊन उभा असतो. फरक बुडाशी आहे: म्युकरच्या बुडाला धाग्यांचं जाळं, डिक्टिओस्टेलिडच्या बुडाला काहीच नाही, नुसता अगार. डिक्टिओस्टेलिडचं डोकं ओल्या सुईने टेकलं की थेंबासारखं सुईवर येतं, आणि त्या थेंबात बीजाणूच बीजाणू. जांभळं डोकं दिसलं आणि फांद्या नसल्या तर पर्प्युरियमचा अंदाज करा, चक्राकार फांद्या असतील तर व्हायोलेशियमचा. प्रजाती मात्र डीएनएवरूनच पक्की करा, डोळ्यांवर विसंबू नका. प्लेटवर कोळी-किडे फिरले तर त्यांच्या पायांनी सगळे नमुने एकमेकांत मिसळतात, म्हणून मातीच्या प्लेट आणि शुद्ध स्ट्रेन एका इनक्युबेटरमध्ये कधीच नाहीत.

प्रतिसाद १८ · बंडखोर_बीजाणू

शुद्ध स्ट्रेनवरून आठवलं, माझा 'का' इथे थेट कामाचा आहे. स्ट्रेन जपताना दर आठवड्याला प्लेटवरून चमचाभर खरवड घेऊन नव्या प्लेटवर टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते. अशाने फसवे पोसले जातात. २०११ मध्ये हेच मुद्दाम केलं गेलं: डिस्कॉइडियम ३१ फेऱ्या मोठ्या, मिसळलेल्या समूहातून पुढे नेलं. नातं पातळ राहिल्यामुळे फसवे वाढले, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना एकट्याने फ्रूटिंग बॉडीच करता येईना. प्रयोगशाळेत याला 'स्ट्रेन म्हातारी झाली' म्हणतात. म्हातारी नाही झाली हो, निवड झाली. उपाय तोच जो निसर्गात नातं जवळचं ठेवतो: दर काही फेऱ्यांनी एका बीजाणूपासून आलेल्या एकाच डागावरून पुढची प्लेट चालू करा, आणि मूळ बीजाणू सिलिका जेलवर थंडीत राखून ठेवा.

प्रतिसाद १९ · रिसेप्टर

हे मात्र मान्य. आणि डाग निवडताना कडेवर नाही, मधे बघा. फ्रूटिंग बॉडी मधल्या जुन्या भागात असतात, कड नेहमीच खात असते. मधला भाग चार-पाच दिवसांनंतरही सपाट राहिला तर तो डाग सोडून द्या.

प्रतिसाद २० · पेट्रीवाला

वेळापत्रक असं धरतोय. सोमवारी दोन्ही प्रजाती एसएम/५ वर, गुरुवारी काढणी, धुणं, शून्य तासाची ट्रायटन-तपासणी आणि सॉर्बिटॉलचे फ्लास्क. उरलेल्या पेशी केके२ अगारवर लाटांसाठी. शुक्रवार आणि शनिवारी मोजणी, रविवारी ७२ तासांचा नमुना आणि प्लेटिंग, पुढच्या शुक्रवारी डाग. पॅलिडमच्या लाटा तशा दिसणार नाहीत ना?

प्रतिसाद २१ · रिसेप्टर

डिस्कॉइडियमसारख्या ठसठशीत वर्तुळांची अपेक्षा ठेवू नका. तरी दोन्ही प्लेट एकाच दिव्याखाली ठेवा, तुलना तीच आहे. आणि सोमवारी लावलेल्या दोन्ही प्लेट गुरुवारी एकाच वेळी तयार असतील असं धरून चालू नका. प्रत्येक प्रजातीच्या तीन-तीन प्लेट कमी-जास्त अमीबा टाकून लावा, म्हणजे गुरुवारी एक तरी योग्य अवस्थेत सापडेल.

प्रतिसाद २२ · बीओडीवाली

हो, आणि टाकाऊ प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात नाही. ट्रायटन सोसणारा बीजाणू साध्या साबणपाण्याने मरत नाही, आणि मग पुढच्या बॅचला शून्य तासालाच पाहुणे हजर.